कोंबड्या-करडं परत परत जातायत? कोल्हा-खोकडाचा बंदोबस्त नीट कसा करायचा

प्रॉब्लेम सगळीकडे सारखाच आहे. रात्री खुराड्यातून एक कोंबडी जाते, आठ-दहा दिवस काही होत नाही, आपल्याला वाटतं संपलं, मग एका सकाळी सात-आठ एकदम मरून पडलेल्या, त्यातली एखादीच नेलेली बाकी तशाच. मग जाळी आणतो, लाइट लावतो, महिनाभर शांत, आणि परत चालू. शेवटी गावातलं कोणीतरी येऊन सांगतं की मटणात औषध (म्हणजे विष) घाला, एका रात्रीत काम होतं. ते औषधाचं सोडून बाकी सगळं इथं लिहितोय, आणि औषध का नको तेही पुढं येईल. मी सोलापूर-अहिल्यानगरच्या माळाच्या पट्ट्यातला, घरी गावरान कोंबड्या आणि उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यामुळं जे आहे ते या भागाचं आहे. कोकणात किंवा विदर्भात जनावरं थोडी वेगळी असतील पण पद्धत तीच.

पहिलं म्हणजे नेणारा कोण ते नक्की करा, त्याशिवाय खर्च करू नका. आपल्याकडं काहीही गेलं की नाव कोल्ह्याचं, आणि त्यातही खोकड आणि कोल्हा एकाच माळेत. खोकड म्हणजे दोन-तीन किलोचं जनावर, हाडकुळे पाय, मोठे कान, झुपकेदार शेपूट आणि शेपटीचं टोक काळं. कोल्हा आठ-दहा किलोचा, गावठी कुत्र्यापेक्षा जरा बारीक, संध्याकाळी ओरडतो तो हाच. आता उस्मानाबादी शेळीचं करडू जन्मतानाच दोन-अडीच किलोचं असतं, म्हणजे जवळजवळ खोकडाच्याच वजनाचं, तेव्हा महिनाभराचं करडू खोकडानं उचलून नेलं असं कोणी सांगितलं तर ते धरून चालू नका. खोकड कोंबडीचं पिल्लू नेईल, उघड्यावर बसलेली तलंग (अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) नेईल, अंडी खाईल. करडू-कोकरू गेलं असेल तर कोल्हा, लांडगा, बिबट्या किंवा कुत्री यांच्यातलं कोणीतरी बघायचं, आणि माझ्या मते सगळ्यात आधी कुत्री.

ओळखायचं कसं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संध्याकाळी खुराड्याच्या भोवती हातभर रुंदीचा पट्टा बारीक चाळलेल्या मातीचा नाहीतर चुलीतल्या राखेचा करून ठेवायचा आणि सकाळी झाडलोट करायच्या आधी बघायचं. चार बोटं आणि पुढं नखांचे टिपके दिसले तर कुत्र्याच्या कुळातलं जनावर. नखं अजिबात नाहीत आणि ठसा गोल, तर रानमांजर किंवा बिबट्या, साइजवरून कळेलच. पाच बोटं दिसली तर मुंगूस किंवा उदमांजर. आता कुत्रा की कोल्हा हा खरा घोळ असतो. कोल्ह्याचा ठसा लांबट आणि अरुंद असतो, आणि ओल्या मातीत नीट उमटला असेल तर मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकांना जोडलेल्या दिसतात, कुत्र्याच्या सुट्ट्या असतात. शिवाय कोल्हा सरळ रेषेत चालत येतो, कामाशी काम, आणि कुत्रा इकडं वास घे तिकडं वास घे करत भटकत येतो. ठशाचा फोटो काढताना शेजारी १० रुपयाचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून नंतर माप काढता येतं, नुसत्या ठशाच्या फोटोवरून कोणालाच काही सांगता येत नाही.

मेलेलं जनावर पण बघा. कोल्हा-खोकड कोंबडी मानेला नाहीतर पाठीला धरतात आणि शक्यतो घेऊन जातात, मागं पिसांची ओळ राहते, आणि मोठ्या पिसांचे दांडे मुळाशी दाढेनं कापल्यासारखे तुटलेले असतात. शिकारी पक्ष्यानं नेलं तर पिसं उपटलेली आणि दांडे अख्खे. दिवसाढवळ्या गेली, मान-डोकं खाल्लेलं आणि बाकी तसंच, तर मुंगूस. अंडी गेली आणि टरफलसुद्धा नाही, तर साप किंवा घोरपड असू शकते. शेळीच्या मागच्या मांड्या, शेपटीची जागा, पोट असं कुठंही फाडलेलं, तीन-चार जखमी आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही, तर ती मोकाट कुत्री. बिबट्या गळा धरतो आणि ओढून नेतो, ओढल्याची खूण राहते. कुत्र्यांचा त्रास असेल तर पुढचं अर्धं वाचून उपयोग नाही, तुम्हाला उंच कुंपण आणि ग्रामपंचायत दोन्ही लागणार.

आता कोल्हा असो की खोकड, तो शिकार कशी करतो हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण आपण जे जे उपाय करतो आणि ते फेल जातात त्याचं कारण तिथंच आहे.

खोकडाला माळावर शिकार करताना बघायचं असेल तर पावसाळा संपता संपता, गवत गुडघ्याएवढं असताना, सूर्य मावळल्यावर बांधावर शांत बसा. ते धावत नाही. दहा पावलं चालतं, थांबतं, एक पुढचा पाय उचललेला तसाच ठेवतं, आणि कान फिरतात, आधी एक मग दुसरा. मान जराशी वाकडी करतं. मग एकदम चारही पाय जमिनीवरून सुटतात, कमान करून वर जातं आणि पुढच्या दोन्ही पायांनी गवतात काहीतरी दाबून धरतं. त्याला उंदीर दिसलेला नसतो, गवताच्या मुळाशी झालेली खसखस ऐकलेली असते. उंदीर नसेल तर नाकतोडे, शेणातले किडे, सरडे, चंडोलाची अंडी, वाळवीला पंख फुटून बाहेर पडली की ती तर ताव मारून खातं, आणि हिवाळ्यात बोरं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्याच्या भागात अबी वनक या वन्यजीव अभ्यासकांनी खोकडांवर बरीच वर्षं काम केलं, आणि तिथल्या खोकडांच्या खाण्यात उंदीर आणि किडेच मुख्य निघतात. तुमच्या ज्वारीतले उंदीर जो फुकट कमी करतोय तो हाच, हे मी मनापासून सांगतो, माझ्या शेतात बीळ आहे आणि ते मी राखलंय.

कोल्ह्याचं जरा वेगळं. उंदीर, ससे, पक्षी, खेकडे, मेलेली जनावरं, बोरं, ऊस, मका, कलिंगड काहीही चालतं. एकटा असला तर छोट्यावर भागवतो, जोडी असली की हिंमत वाढते. काळवीट ज्या माळावर आहेत तिथं हरणी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते, पाडस पहिले काही दिवस हलत नाही, आणि कोल्हे गवत नागमोडी पालथं घालत ते शोधतात. आता आपल्या गोठ्यात बघा, शेळी सकाळी चरायला गेली आणि दोन दिवसांचं करडू आडोशाला एकटं बसवलेलं, कोल्ह्याला माळावर जे शोधायला तासभर लागतो ते इथं वासावर मिळतं.

म्हणजे दोन्ही जनावरं एकच हिशोब करतात, कमी मेहनतीत काय मिळेल. रोज त्याच वाटेनं फिरतात, त्याच जागा तपासतात, जिथं एकदा मिळालं तिथं परत परत येतात. म्हणून आठ-दहा दिवस काही झालं नाही म्हणजे तो गेला असं नसतं, तो रोज येऊन दार बघून जात असतो, राखेच्या पट्ट्यात ते दिसतं.

एकदम सात-आठ का मारतो, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि लोक म्हणतात माजलाय, नासधूस करतो. तसं नाही. हान्स क्रूक नावाच्या प्राणीशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये यावर लिहिलं होतं, इंग्लंडच्या किनाऱ्यावर गल पक्ष्यांच्या वसाहतीत तांबडे कोल्हे एका रात्रीत ढिगानं पक्षी मारायचे आणि खायचे फार थोडे, आणि हे घडायचं अगदी काळोख्या रात्री जेव्हा पक्षी उडायचेच नाहीत. रानात एक पक्षी धरेपर्यंत बाकीचे पळून जातात, शिकार आपोआप थांबते. खुराड्यात पळायला जागा नाही, कोंबडीला अंधारात दिसत नाही, फडफड चालूच, आणि समोर फडफडतंय तोवर त्याचं धरणं चालू राहतं. जमलं तर एकेक नेऊन पुरून ठेवतो. यातून आपल्या कामाचं एवढंच की एकदा आत शिरला तर नुकसान किती होणार ते आपल्या हातात नाही, सगळा खेळ तो आत शिरण्याच्या आधीचा आहे.

मग उपाय. क्रमानं सांगतो, कारण लोक उलट्या क्रमानं करतात, आधी लाइट आणि मशीन आणतात.

आधी आमिष बंद करा. मानमोडी (कोंबड्यांचा साथीचा रोग) आली की मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर नाहीतर ओढ्यात फेकायच्या, पोल्ट्रीवाल्यांनी मर पडली की बांधाच्या पलीकडं टाकायची, शेळी व्याली की वार (जार) तिथंच कुठंतरी भिरकवायची, हे जोवर चालू आहे तोवर तुम्ही कोल्ह्याला आणि कुत्र्यांना रोजचं जेवण देताय आणि वर म्हणताय येऊ नको. खड्डा करा, चांगला कमरेएवढा खोल, चुना टाका, वरून माती दाबा. शेजारी पोल्ट्री असेल तर त्यांच्याशी आधी बोला. चांगली जाळी असून त्रास चालूच आहे अशा बऱ्याच ठिकाणी मूळ हेच निघतं. सांडलेलं खाद्य पण रात्री राहू देऊ नका, त्याला उंदीर येतात आणि उंदरामागं बाकीचे.

मग खुराडं. कोंबड्या दिवसभर मोकळ्या राहू देत, पण दिवेलागणीच्या आत आत आणि दार बंद, रोज, लग्नाला गेलात तरी कोणाला तरी सांगून जा. झाडावर बसणाऱ्या कोंबड्या बऱ्यापैकी वाचतात पण पहाटे खाली उतरतात तेव्हा जातात, ती वेळ कोल्ह्याची आवडती. डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) झाकून ठेवायची पद्धत असेल तर वर जड दगड हवा, कोल्हा नाकानं डालगं उलथवतो.

जाळीचं नीट लक्ष देऊन वाचा. ती षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवायला आहे, कोल्हा बाहेर ठेवायला नाही, दोन पावसाळ्यात गंजते आणि मग दातानं फाटते. वेल्ड मेश (चौकोनी भोकांची, वेल्डिंग केलेली जाड जाळी) घ्या, खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची म्हणजे मुंगूस पण अडतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे जमीन. कोल्हा-खोकड दोघंही उकरणारे आहेत, खोकड तर राहतंच स्वतः उकरलेल्या, चार-सहा तोंडांच्या बिळात, त्याला तुमच्या जाळीखालून वीतभर उकरणं काहीच नाही. जाळी जमिनीत सरळ गाडण्यापेक्षा खाली काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर पसरवा, वर दगड-माती टाका. तो कुंपणाला नाक लावून तिथंच उकरायला बघतो, पायाखाली जाळी लागते, मागं सरकून दोन फुटांवरून उकरायचं त्याच्या डोक्यात सहसा येत नाही. मुरमाड जमिनीत तर हे फारच सोयीचं, चर खणायला लागत नाही. वरून छप्पर किंवा जाळी हवीच, नाहीतर कुंपण निदान सहा फूट. दाराखालची फट तीन बोटांपेक्षा जास्त नको, आणि कडीला तार गुंडाळून भागवू नका, खटका बसवा.

शेळ्या-मेंढ्यांना पण तेच. धनगर लोक मेंढरं वाघरात (जाळ्याच्या कुंपणात) बसवतात आणि कोकरं वेगळी मध्यभागी, माणसाच्या अंथरुणाजवळ, त्यात पिढ्यांची अक्कल आहे. व्यायला झालेली शेळी आधीच आत घ्या, पहिले दोन-तीन आठवडे करडं बंद कोंडवाड्यात, शेळी चरायला गेली तरी करडं कुलपात.

झटका मशीन (कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं यंत्र) चांगलं काम करतं पण बऱ्याच ठिकाणी लावताना माणसाच्या उंचीच्या हिशोबानं तारा लावतात. कोल्ह्याचं नाक जमिनीपासून वीतभरावर असतं. सगळ्यात खालची तार वीतभर उंचीवर, त्याच्या वर तेवढ्याच अंतरानं दुसरी-तिसरी. खालच्या तारेला गवत टेकलं की करंट तिथंच उतरतो, त्यामुळं गवत काढत राहणं हे निम्मं काम आहे. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की अर्थिंग लागत नाही आणि मशीन टिकटिक करतंय पण झटका नाही असं होतं, अर्थिंगच्या सळीपाशी पाणी घालत जा. आणि घरातल्या लाइनचा करंट थेट तारेला जोडायचा विचार सुद्धा करू नका, त्यानं माणसं मरतात, दरवर्षी बातम्या येतात, रात्री मोटर चालू करायला गेलेला आपलाच माणूस असतो.

लाइट, फटाके, रेडिओ, चमकणाऱ्या पट्ट्या, हे सगळं थोडे दिवस चालतं. उत्तर चिलीमध्ये अल्पाका-लामांच्या कळपांभोवती रात्री झगमगणारे दिवे लावून प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, प्यूमांचे (तिथल्या मोठ्या रानमांजरांचे) हल्ले थांबले पण तिथल्या अँडियन कोल्ह्यांवर दिव्यांचा परिणाम झाला नाही. कोल्ह्याच्या जातीचं जनावर बघून बघून शिकतं की यातून काही होत नाही. शेळी व्यायच्या आसपासचे दोन आठवडे लावा, रोज जागा बदला, मग काढून ठेवा, एवढाच त्याचा वापर.

कुत्रा पाळा, हे खरंच उपयोगी आहे. नान्नजच्या अभ्यासातही खोकडं कुत्र्यांना टाळतात असंच दिसलं होतं. पण कुत्रा रात्री वस्तीवरच राहायला हवा, आणि रेबीजची लस दरवर्षी. त्याला मोकाट सोडला तर तो शेजाऱ्याच्या शेळीमागं लागतो आणि माळावरच्या खोकडांना डिस्टेंपरसारखे रोग देतो.

वेळ पण लक्षात घ्या. खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान होतात, कोल्ह्याची त्याच्या थोडी पुढं, आणि नर-मादी दोघंही पिल्लांसाठी खाणं आणतात, त्यामुळं उन्हाळ्यात फेऱ्या वाढणारच. त्यात ऊसतोड. फड तुटला की त्यात राहणारा कोल्हा एका दिवसात उघड्यावर येतो आणि शेजारच्या वस्तीकडं सरकतो. तुमच्या शेजारचा ऊस कधी तुटणार ते कारखान्याच्या चिटबॉयला (ऊसतोडीचं बघणाऱ्या माणसाला) विचारून ठेवा आणि जाळीची डागडुजी त्याच्या आधी करा.

आता औषधाचं. थिमेट-फ्युराडानसारखं कीटकनाशक मटणात घालून टाकलं की कोल्हा मरेल न मरेल, पण गावातली कुत्री, घारी, मांजरं, धनगराचं कुत्रं, कधीकधी पाण्यात उतरून जनावरं, सगळं जातं. आणि कोल्हा मेला तरी प्रश्न तिथंच, कारण ही जनावरं जोडीनं आपापला इलाका धरून असतात, जागा रिकामी झाली की नवीन येतो, तुमचं दार आणि उकिरडा तसाच असतो. शिवाय कोल्हा आणि खोकड दोन्हीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, विष, फासा, स्वतः पिंजरा लावून पकडणं हे सगळं शिकारीतच धरतात आणि केस होते. बिळात धूर करणं, पिल्लं उचलून आणणं पण त्यातच आलं. पिल्लं गोंडस दिसतात म्हणून घरी आणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आई जवळच असते, ठेवा तिथंच.

शेळी-मेंढी कोल्ह्यानं मारली असेल तर वनविभागाकडून अर्थसहाय्य मिळू शकतं, पण जनावर जागेवरून हलवायचं नाही आणि ४८ तासांच्या आत वनरक्षक नाहीतर रेंज ऑफिसला कळवायचं, १९२६ हा वनविभागाचा हेल्पलाइन नंबर आहे. पंचनामा होतो, पशुवैद्यकीय डॉक्टर बघतात. अंग ताडपत्रीनं झाका म्हणजे कुत्री-कावळे खुणा खराब करणार नाहीत, ठशांवर घमेलं पालथं घाला, फोटो तारीख-वेळेसकट काढा. बऱ्याच जणांची केस अडकते ती इथंच, संध्याकाळपर्यंत जनावर पुरून टाकलेलं असतं आणि मग कोणी मारलं ते सिद्ध करायला काही राहत नाही. कोंबड्यांसाठी भरपाईवर विसंबू नका, तो पैसा जाळीत घाला.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. कोल्हा दिवसा, माणसाला न घाबरता, सरळ अंगावर येत असेल, झोकांड्या खात असेल, लाळ गळत असेल तर रेबीजची शंका धरायची. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूरच्या बाजूला कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता. चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना, लस आणि जखमेतलं इंजेक्शन दोन्ही लागतं का ते तिथं विचारा, हळद-चुना-मिरची काही लावू नका. शेळीला चावला असेल तर तिलाही डॉक्टरांना दाखवा आणि दूध वापरायच्या आधी विचारा.

हे सगळं करूनही जात असेल तर परत राखेच्या पट्ट्यापासून सुरू करा, पण या वेळी पट्टा खुराड्याच्या आतल्या बाजूनं पण टाका. बहुतेक वेळा असं दिसतं की जाळी तीन बाजूंनी पक्की आहे आणि चौथी बाजू म्हणजे घराची जुनी भिंत, तिच्या पायथ्याला सांडपाण्याचं भोक आहे, किंवा पत्रा आणि भिंतीच्या मध्ये पाऊस आत येऊ नये म्हणून कोंबलेलं पोतं कुजून गेलंय. खोकडाचं डोकं जिथं शिरतं तिथं अंग शिरतं, मुठीएवढं भोक दिसलं की विटेचा तुकडा आणि सिमेंट, पोतं नाही. आणि दर पावसाळ्यानंतर जमिनीलगतची जाळी हातानं ओढून बघा, नुसती डोळ्यानं बघून गंज कळत नाही.